पटावर चाळीस

पोरांना विचार करायला शिकवायचं म्हणून मी शाळेत वाघ-शेळी आणली, असं आमच्या नात्यात अजून कौतुकानं सांगतात. कसलं कौतुक न् कसलं काय! मला माझा घसा वाचवायचा होता.

साठ सालानंतरची ती वर्षं. कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका गावात दोनशिक्षकी शाळा होती. एक हेडमास्तर आणि एक मी. ते पहिली-दुसरी घ्यायचे, मी तिसरी-चौथी. दोन्ही वर्गांच्या मधे भिंत नव्हती, बांबूचा तट्ट्या होता. त्यांची बाराखडी माझ्याकडं यायची आणि माझे पाढे त्यांच्याकडं जायचे. दिवसभर ओरडून संध्याकाळी माझ्या तोंडून नुसती हवा निघायची. मी तिशी ओलांडली होती, लग्नाचं जमलं नव्हतं आणि जमवायला घरात कुणी उरलं नव्हतं. सांगलीला वडील आणि त्यांना सांभाळणारी माझी विधवा आत्या, एवढंच माझं घर.

पोरं वाईट नव्हती. पण घोकायची. काहीही द्या, घोकायची. एकदा मी गणित घातलं, ‘एक माणूस एक शेत आठ दिवसांत नांगरतो, तर आठ माणसं तेच शेत किती दिवसांत नांगरतील?’ सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘एकाऽऽ!’

मी म्हटलं, ‘अरे, पण बैल किती आहेत?’

मागून एक जण म्हणाला, ‘बैल गणितात न्हाईत, बाई.’

घ्या! ज्यांच्या घरी दिवस उगवतो तो बैलाच्या शेणानं, ती पोरं शाळेच्या उंबऱ्याबाहेर बैल सोडून यायची. आत आलं की डोकं चालवायचं नाही, तोंड चालवायचं, असं त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. कुणी म्हणजे आम्हीच. मी त्या दिवशी इतकी दमले होते की रागसुद्धा आला नाही. खुर्चीत बसून राहिले.

त्याच शनिवारी सांगलीला गेले. शनिवारी सकाळची शाळा असायची. अकराला सुटली की मी दीड मैल चालत स्टेशन गाठायची, दुपारच्या गाडीनं माधवनगरला उतरायची आणि तिथून टांग्यानं घरी. रविवारी संध्याकाळी परत. यात एकदाही खंड पडला नव्हता, कारण वडील वाट बघत असायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. वाचाही गेली. ‘हां’ आणि ‘च्’ एवढे दोनच आवाज राहिले. हा माणूस एके काळी गल्लीच्या ओट्यावर बुद्धिबळ खेळताना अख्ख्या गल्लीला हसवायचा! आता डाव्या हातानं प्यादं सरकवायचे आणि माझ्याकडं बघायचे. तेच त्यांचं बोलणं. आत्याला खेळ येत नव्हता. शेजारपाजारचे जुने गडी दोन-चारदा येऊन गेले, मग यायचे थांबले. शनिवारी मी गेले की दारातूनच दिसायचं, सोंगट्या मांडून तयार आहेत. आत्या सांगायची, ‘बुधवारपासनं मांडून बसलाय. पुसायलासुद्धा देत नाही.’

लहानपणी त्यांनीच मला शिकवलं. त्यांचा एक कायदा होता. चाल सुचेपर्यंत हात पाठीमागं बांधून बसायचं. ‘हात मागं, डोळे पुढं,’ म्हणायचे. आणि चाल केली की लगेच विचारायचे, ‘का?’ नुसतं ‘असंच’ म्हटलं की चाल परत. मी रडायची, चिडायची, पट उधळून आईच्या मागं जाऊन बसायची. ते हसून पुन्हा मांडायचे.

त्या शनिवारी मला वाटलं, हेच करून बघू.

बुद्धिबळ नको, त्याच्या चाली शिकवण्यातच वर्ष गेलं असतं. वाघ-शेळी पोरांना येत होती. गुरं राखताना खडकावर रेघा ओढून ती खेळायचीच. तीन वाघ, पंधरा शेळ्या. शेळीच्या मागचं घर मोकळं असलं की वाघ तिच्यावरून उडी मारतो आणि शेळी मरते. सगळ्या शेळ्यांनी मिळून वाघांना हलायला जागा ठेवली नाही की वाघ हरले. वाघाला सागरगोटे, शेळीला चिंचोके. पण पोरं खेळायची ती हातानं आणि तोंडानं. मी दोन नियम घातले. हात मागं. आणि चाल करायच्या आधी कारण सांगायचं, तेही सगळ्यांना ऐकू येईल असं.

पहिले पंधरा दिवस नुसता तमाशा. ‘का हलवलीस ही शेळी?’ ‘माझी मर्जी, बाई!’ ‘का रे?’ ‘तिला तिथं करमत न्हवतं.’ मी कपाळावर हात मारायची. जमिनीवर कोळशानं पट काढला तर शनिवारी सारवणात जायचा, सोमवारी पुन्हा काढा. शेवटी कपाटामागं मुंबई राज्याचा जुना नकाशा सापडला. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडे असलेला. महाराष्ट्र वेगळा झाल्यावर त्या नकाशाचा उपयोग संपला होता, पण दप्तरी नोंद होती म्हणून टाकताही येत नव्हता. त्याच्या पाठीवर मी शाईनं वाघ-शेळीचा पट आखला. पोरांना भारी गंमत वाटली. ‘पट आण’ म्हटलं की दोघं जण पालखी आणावी तसा तो दांड्याला धरून आणायचे.

गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. एक म्हातारबाबा दारात येऊन काठी आपटत म्हणाले, ‘आवं बाई, पोरांस्नी सोंगट्या खेळाया शिकवताय म्हनं! आमी काय जुगाराला धाडलं व्हय त्यास्नी?’ मी म्हटलं, ‘बाबा, बसा. तुम्ही वाघ घ्या, तुमचा नातू शेळ्या घेईल.’ बाबा बसले. अर्ध्या तासात त्यांचे तिन्ही वाघ कोंडले. उठताना नातवाकडं बघत म्हणाले, ‘ह्ये बेणं घरात तर लय येडं वाटतंय,’ आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

हळूहळू काहीतरी हललं. मी पुन्हा गणित घातलं की मागून आवाज यायचा, ‘बाई, बैल किती?’ ‘बाई, जमीन काळी का मुरमाड?’ माझं काम कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! पाठ संपेना, पुस्तक सरेना. पण घरी जाताना घशात आवाज शिल्लक असायचा. तेवढंही पुष्कळ होतं.

आता एका मुलीचं सांगते. चौथीत होती, पिंजाऱ्याची थोरली. तिचा बाप धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या पिंजत फिरायचा. मुलगी दिसायला किरकोळ, केसांत कायम कापसाचं एखादं तूस अडकलेलं. शेळ्या घ्यायची, नेहमी शेळ्याच. हात मागं बांधून इतका वेळ उभी राहायची की बाकीची पोरं कंटाळून ‘चल की गं!’ म्हणून ओरडायची. हिचं आपलं चाललेलं असायचं. मग एकच चिंचोका उचलायची आणि कारण सांगायची. ते कारण ऐकून मला वडिलांची आठवण यायची. तीस वर्षांच्या नोकरीत असं डोकं मी पुन्हा दोनदाच पाहिलं.

तिची धाकटी बहीण माझ्याच वर्गात तिसरीला होती. ती बोलकी, ही मुकी. धाकटी हिची चाल हिच्या आधी सांगून टाकायची आणि ही तिला कोपरानं ढोसायची.

त्या वर्षी आषाढात गावात हगवणीची साथ आली. धाकटी चार दिवसांत गेली. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा बाप अंगणात कापसाच्या ढिगाशी बसला होता, आणि ही मुलगी त्या कापसातली सरकी वेचत होती. आठ दिवसांनी ती शाळेत आली आणि जागेवर जाऊन बसली.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. भला माणूस होता, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. म्हणाले, ‘बाई, धाकटीचं नाव इतक्यात काढू नका.’

मी म्हटलं, ‘म्हणजे?’

‘पट बरोबर चाळीस आहे. एक जरी नाव गेलं तरी दुसरा शिक्षक जातो. दुसरा शिक्षक म्हणजे तुम्ही.’

मला माहीत होतं. चाळिसाच्या खाली पट गेला की एका शिक्षकाची जागा काढून घ्यायचे आणि त्याला कुठं कमी असेल तिथं पाठवायचे. कमी कुठं असायची? माण तालुक्यात, दुष्काळी मुलखात. त्याच्या मागल्याच वर्षी आमच्या भागातल्या दोघांना म्हसवडच्या पलीकडं टाकलं होतं. तिथून सांगलीला यायचं म्हणजे जायला एक दिवस, यायला एक दिवस. शनिवार-रविवारात बसणारा हिशेब नव्हता तो. बुधवारपासून सोंगट्या मांडून बसणारा माणूस माझ्या डोळ्यासमोर आला.

आणि खरं सांगायचं तर चाळीससुद्धा चाळीस नव्हते. माझ्या वर्गातले दोघे भाऊ आईबापांबरोबर जूनमध्येच मुंबईला गेले होते. त्यांची नावं आम्ही तशीच ठेवली होती. येतील परत, म्हणत होतो. आता ही धाकटी. ती काही परत येणार नव्हती. पण मी ‘बरं’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना तिचं नाव मोठ्यानं पुकारलं नाही, फक्त तिच्या आणि त्या भावांपैकी एकाच्या चौकोनात हजेरीची खूण केली. रोज केली तर संशय येईल, म्हणून आठवड्यातून एखादा दिवस गैरहजर. मेलेल्या पोरीला मी आजारी पाडत होते. जळलं मेलं ते जिणं!

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज तारीख, वार, त्या वर्गाचा पट आणि हजर लिहायचं असतं. हे काम चौथीतल्या हुशार मुलाकडं द्यायची रीत. आमच्याकडं ते पिंजाऱ्याच्या थोरलीकडं होतं. पहिल्या दिवशी मी आकडा सांगितला, ‘पट एकोणीस, हजर अठरा.’ तिनं खडू उचलला. लिहिला नाही. वर्गाकडं वळली, ओठ हलवत डोकी मोजली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘बाई, आपण सोळाच हाय की.’

मी हजेरीपटातून डोकं वर काढलं नाही. म्हटलं, ‘सांगते तेवढं लिही. जास्त शहाणपणा नको.’

तिनं जाऊन लिहिलं, हजर अठरा. त्या दिवसापासून रोज लिहीत गेली. पुन्हा विचारलं नाही. आणि मी, वर्गाला उठता-बसता ‘का?’ विचारायला लावणारी बाई, त्याच तासाला नकाशा पसरून पोरांना म्हणत होते, कारण सांगितल्याशिवाय चाल करायची नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एवढं कळत होतं मला. कळून काय करणार होते? शनिवार आला की मी गाडी पकडत होते.

असे श्रावण, भादवा, आश्विन गेले. दिवाळीची सुट्टी होऊन शाळा उघडली आणि एका शनिवारी सकाळी, नऊ-साडेनऊला, सायकलवरून शाळा तपासणारे साहेब हजर. हुद्द्याचं नाव तोपर्यंत बदललं होतं, पण गावाला ते अजून ‘डिपटी’च. आगाऊ वर्दी नाही, काही नाही. हेडमास्तर धोतराचा सोगा सावरत धावले. साहेब मध्यम वयाचे, शांत, आवाज न चढवणारे. असल्या साहेबांची मला जास्त भीती वाटायची. ओरडणारा साहेब चहा घेऊन जातो. शांत साहेब बघतो.

ते सरळ माझ्या वर्गात आले. पोरांनी उठून नमस्ते केलं. साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि पुढं उभ्या असलेल्या मुलीला, पिंजाऱ्याच्या थोरलीला, म्हणाले, ‘पट आण गं.’

त्यांना हजेरीचा पट हवा होता. हेडमास्तरांनी तट्ट्याला हात टेकला.

मुलगी ‘व्हय साहेब’ म्हणून गेली, दुसऱ्या एकीला हाक मारली, आणि दोघींनी दांड्याला धरून नकाशा आणून साहेबांच्या पायाशी पसरला. वर चिंचोक्यांची आणि सागरगोट्यांची पुरचुंडी ठेवली. म्हणाली, ‘साहेब, वाघ घेनार का शेळ्या?’

साहेब असे हसले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. ‘अगं, हा पट नव्हे,’ म्हणता म्हणता खाली वाकले, आणि आखलेल्या रेघा ओळखून म्हणाले, ‘अरेच्चा! वाघ-शेळी?’

मी घाईघाईनं सांगितलं, मुलांच्या विचारशक्तीसाठी, प्रत्येक चालीला कारण सांगायचं, वगैरे वगैरे. साहेबांनी बूट काढले आणि चक्क मांडी घालून जमिनीवर बसले. हेडमास्तरांनी माझ्याकडं बघून डोळे मिटले. हजेरीपट टेबलावरच राहिला. सुटलो, असं मला वाटलं. देवा, त्या पोरीचं भलं कर, असंही मनात म्हटलं.

साहेबांनी वाघ घेतले. मुलीनं हात मागं बांधले. साहेब म्हणाले, ‘हे काय?’ ती म्हणाली, ‘हात मोकळं असलं की मन घाई करतंय.’ साहेबांनी माझ्याकडं बघून मान डोलावली आणि आपलेही हात मागं घेतले. सगळी पोरं भोवती दाटली. पाचव्या-सहाव्या चालीला साहेबांना एक शेळी मिळाली. उडी मारून त्यांनी चिंचोका उचलला आणि तिथंच पटाच्या कडेला, एका रेघेवर ठेवला.

मुलगी म्हणाली, ‘साहेब, मेलेली शेळी पटावर ठिवायची न्हाई.’

‘का बरं?’ साहेबांना आता मजा येत होती.

‘मग मोजताना चुकतंय. शेळ्या हायत असं वाटतंय, आन् नसत्यात. वाघ कोंडाया जावं तर मधी घर मोकळंच.’

‘वा!’ साहेब म्हणाले. ‘काय सुरेख सांगितलंस!’ त्यांनी चिंचोका उचलून खिशात टाकला, पोरं हसली. तिच्या पाठीवर थाप मारायला हात वर केला आणि त्यांची नजर तिच्या डोक्यावरून मागं फळ्यावर गेली. पट १९, हजर १८. मग भोवतीच्या पोरांवर. मला त्यांच्या डोळ्यांतली मोजणी दिसत होती. दोन वेळा मोजली त्यांनी.

‘हजर अठरा कोणी लिहिलं?’

‘म्या,’ ती म्हणाली.

‘इथं तर सोळा दिसतात. बाहेर गेलंय का कुणी?’

‘न्हाई.’

‘मग अठरा कसे?’

तिनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं, एक शेण भरलेली पाटी होती. माझ्या मनात आलं, मी बोलावं. ‘माझं चुकलं साहेब, आकडा मी सांगितला,’ एवढंच वाक्य. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात माधवनगरचं स्टेशन डोळ्यासमोर आलं आणि मी तोंड मिटलं.

मुलीचे हात मागंच होते. तिनं वेळ घेतला. मग ती म्हणाली, ‘साहेब, माझी धाकटी भण आषाढात मेली. ती पटावर हाय.’

साहेब उठले, बूट घातले, टेबलाशी जाऊन हजेरीपट उघडला. आषाढापासूनची सगळी पानं उलटली. हेडमास्तर ‘साहेब, माझ्या सांगण्यावरून...’ असं म्हणायला लागले, साहेबांनी हात वर करून थांबवलं. मुंबईला गेलेल्या भावांचंही निघालंच. लाल शाईनं तीन नावांवर तीन रेघा मारल्या. तिसरी रेघ मारताना मुलगी टेबलाजवळ उभी राहून बघत होती. जाताना साहेब मला म्हणाले, ‘बाई, तुम्ही शिकवता फार चांगलं.’ टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच वाटत होतं, आणि ते जास्त लागलं.

डाव अर्धाच राहिला. पोरं म्हणाली, ‘बाई, आवरू का?’ मी म्हटलं, ‘आवरा.’

हेडमास्तरांची चौकशी झाली, एक वेतनवाढ थांबली. मला ठपका आणि बदली. म्हसवडच्या पलीकडं, एसटी जिथं परत वळते त्याच्याही पुढं चार मैल. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोल लावणार! पुढचं आधीच सांगून टाकते. माणात गेल्यावर मला सांगली महिन्यातून एकदा जमायची, कधी तेही नाही. आत्या पोस्टकार्डावर लिहायची, ‘तो मांडून बसतो. तू नाहीस म्हटल्यावर आपणच दोन्हीकडून खेळतो.’ उन्हाळ्याच्या तोंडाशी वडील गेले. तार मला तिसऱ्या दिवशी मिळाली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं, आणि आत्यानं घर सारवून घेतलं होतं.

त्या मुलीवर राग धरला का, असं मला कुणी विचारलेलं नाही, कारण तिच्याबद्दल मी कुणाला सांगितलेलंच नाही. साहेब गेल्यापासून मी गाव सोडेपर्यंत बारा दिवस मधे होते. बारा दिवस मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. पट-हजर लिहायचं काम दुसऱ्या मुलाला दिलं. नकाशा कपाटामागं गेला. पोरांनी दोनदा मागितला, मी म्हटलं, परीक्षा जवळ आली. सहामाही होऊन गेली होती, वार्षिकला पाच महिने होते. पोरांना ते कळत होतं. कुणी ‘का’ म्हणून विचारलं नाही. बारा दिवसांत मी त्यांना पुन्हा पहिल्यासारखं करून ठेवलं.

निघायच्या दिवशी मी फाट्यावर वळकटी आणि ट्रंक घेऊन एसटीची वाट बघत होते. हेडमास्तर सकाळीच येऊन डोळे पुसून गेले होते. उन्हं चढली होती. तर गावाकडनं पिंजारी येताना दिसला, खांद्यावर धुनकी, मागं ती. तो कामावर चालला होता. मला बघून थांबला, म्हणाला, ‘बाई, पोर दोन दिस जेवली न्हाई. तुमास्नी कायतरी इचारायचं म्हनतीया.’ आणि आपण जरा पुढं जाऊन झाडाखाली उभा राहिला. त्याला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या मेलेल्या पोरीच्या नावावर मी चार महिने नोकरी केली होती आणि तो मला ‘बाई’ म्हणून मान देत होता.

ती माझ्यासमोर उभी राहिली. हात पुढंच होते, फ्रॉकचं टोक चुरगाळत होते. म्हणाली, ‘बाई, माझं चुकलं व्हय?’

दमलेलं माणूस दुष्ट असतं. हे मला आधी माहीत नव्हतं. रात्रभर मी सामान बांधत होते, वडिलांना अजून कळवलं नव्हतं, पाठ मोडून आली होती, आणि समोर ही नऊ-दहा वर्षांची पोर मला विचारत होती. नाही, तुझं चुकलं नाही, चुकलं ते माझं, एवढंच म्हणायचं होतं. सोपं होतं. एवढंही माझ्यानं झालं नाही.

मी म्हटलं, ‘हो. चुकलं.’

ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती रडली नाही. खाली बघत उभी राहिली, आणि तिचं डोकं चालू झालेलं मला दिसलं. तीच ती, वर्गाला कंटाळा आणणारी शांतता. लांबून एसटीचा धुरळा दिसायला लागला. मग तिनं वर बघितलं आणि खरोखर जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं,

‘मग म्या काय सांगाया पायजे हुतं, बाई?’

एसटी येऊन थांबली. कंडक्टरनं ट्रंक टपावर चढवली आणि ‘चला बाई, चला’ म्हणून घंटी मारली. मी चढले. ती उत्तरासाठी उभी होती.